पालवणकर बाळू : रेल्वेच्या नोकरीतला खेळाडू, चौघा भावांतला थोरला

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हाती घेतली की तिच्या पानांवर कोणाची चरित्रे असावयाची हे वाचकांस बहुधा आधीच ठाऊक असते. ज्ञानोबा-तुकोबांपासून लोकमान्यांपर्यंतची ती थोर मालिका आपणा सर्वांच्या देवघरात आहेच. तिला वंदन करून या खेपेस आम्ही एका वेगळ्या माणसाचे स्मरण करण्याचे योजिले आहे. तो राजा नव्हता, पंडित नव्हता, वक्ताही नव्हता. रेल्वे कंपनीच्या नोकरीवर संसार चालविणारा, तीन धाकट्या भावांना आपल्या पाठोपाठ मैदानावर आणणारा आणि डाव्या हाताने चेंडू टाकणारा असा तो एक साधा मराठी गृहस्थ होता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

हे चरित्र निवडण्यास एक घरगुती कारणही आहे. महाराष्ट्राबाहेर येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबे रेल्वेच्या, पोस्टाच्या किंवा लष्करी खात्याच्या नोकरीच्या निमित्ताने घराबाहेर पडली. बदलीचा हुकूम आला, ट्रंका भरल्या, आणि आजोबा अनोळखी स्टेशनावर उतरले. अशी हकीकत आपल्यापैकी अनेकांच्या घरी सांगितली जाते. बाळूंच्या घरची हकीकतही याहून फारशी निराळी नाही. त्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडास झाला. घराण्याचे मूळ कोकणातले. पालवण गावावरून पालवणकर हे आडनाव आले. वडील सैन्यात नोकरीस होते. छावणी जिकडे जाईल तिकडे शिपायाचा संसार जावयाचा, या न्यायाने कोकणातले हे कुटुंब कानडी मुलखात आणि तेथून पुढे पुण्यास येऊन स्थिरावले.

कुटुंब चर्मकार समाजातले. ज्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जाई त्या काळची ही गोष्ट आहे. गावात या समाजाच्या मुलास कोणत्या विहिरीचे पाणी प्यावयाचे आणि कोणाच्या अंगणात पाऊल टाकावयाचे नाही हे चालता येऊ लागण्याच्या आधीच शिकविले जाई. छावणीतले जग त्या मानाने किंचित सैल होते. तेथे गोरे अधिकारी संध्याकाळी क्रिकेट खेळत आणि जुनी बॅट, फाटका चेंडू टाकून देत. त्या टाकलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचा पाठचा भाऊ शिवराम यांनी या खेळाची मुळाक्षरे गिरविली. आज आपल्या मुलांना आपण शिबिरात घालतो, पोशाख शिवतो, प्रशिक्षकाची फी भरतो. त्या दोन मुलांचे प्रशिक्षण दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूंवर झाले हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

लहान वयातच बाळू कामाला लागले. पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरविणे आणि सवड मिळाल्यास सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पुणे क्लबात लागले. तेथे पगार चार रुपये झाला. तेथेही खेळपट्टीची निगा, जाळी उभारणे, टेनिसच्या अंगणावर रेघा मारणे अशीच कामे होती. आम्हांस वाटते की या कष्टाच्या नोकरीतच त्यांच्या पुढील कीर्तीचे बीज होते. ज्या माणसाने रोज पहाटे खेळपट्टीवर पाणी शिंपले, रोलर ओढला, माती कोठे ओली राहते आणि ऊन चढल्यावर कोठे भेगाळते हे हातापायांनी अनुभवले, त्यास चेंडू कोठे टप्पा घेऊन कसा वळेल हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

क्लबातील एका गोऱ्या सभासदाने त्यांना सरावाच्या जाळीत चेंडू टाकण्यास सांगितले आणि त्यांची खरी परीक्षा सुरू झाली. त्या वेळी हिंदुस्थानातील इंग्रज फलंदाजांत कॅप्टन ग्रेग यांचे नाव अग्रभागी होते. बाळूंची फिरकी खेळावयास मिळावी म्हणून ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत. बाळूंनी आपणास बाद केले की ग्रेगसाहेब त्यांना दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर महिन्यात आठ वेळा साहेबास बाद केले की पगाराएवढी वरकमाई होत असणार. परंतु या कथेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. वर्षानुवर्षे बाळूंनी त्या मैदानावर तासन्‌तास चेंडू टाकले. बॅट मात्र त्यांच्या हाती एकदाही देण्यात आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता. घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम होते.

बाळूंचे नाव पुण्यात होऊ लागले तसा तेथील हिंदू क्लबापुढे मोठा पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवावयाचे तर हा गोलंदाज हवा होता. आणि त्यास घ्यावयाचे तर धर्म बुडतो अशी भीती होती. क्लबात वाद झाला. तेलुगू सभासद अनुकूल होते, पुण्यातील सनातनी मंडळी प्रतिकूल होती. अखेरीस जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीहून प्रबळ ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. मात्र जी तोड काढण्यात आली ती आज वाचताना मान खाली जाते. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा, त्यात विटाळ नाही. चहापानाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून कपातून चहा घेणार आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यातून मिळणार. ते भांडे नंतर फेकून द्यावयाचे. जेवण निराळे, पानही निराळे. हातपाय धुवावयाचे झाले तर त्यांच्याच समाजातील गड्याने पाणी आणून कोपऱ्यात घालावयाचे. ज्या हाताने सकाळी पाच-सहा गडी बाद करून सगळ्या संघाची लाज राखली, त्याच हाताला दुपारी कपाचा कान धरण्याची परवानगी नव्हती.

बाळूंनी यावर कोठे आकांडतांडव केल्याचे दिसत नाही. ते चेंडू टाकीत राहिले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध सामना ठरला तेव्हा त्यांच्या फिरकीस वाव मिळू नये म्हणून तेथील खेळपट्टी अनेक दिवस रोलर फिरवून टणक करण्यात आली होती. बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याने सामना जिंकला. परतल्यावर झालेल्या सत्कारसमारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना स्वहस्ते हार घातला. पुढे एका सभेत लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर या दोन महापुरुषांचे किती टोकाचे मतभेद होते हे आपण जाणतो. ते दोघेही ज्याच्या गुणांपुढे एक झाले असा हा मैदान झाडणारा तरुण होता.

प्लेगच्या साथीच्या काळात बाळू पुणे सोडून मुंबईस आले. काही काळ सैन्यात काढल्यानंतर त्यांना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ही कंपनी बी. बी. अँड सी. आय. या नावाने असे. १९५१ साली तिचा बहुतेक भाग पश्चिम रेल्वेत समाविष्ट झाला. त्या काळी केवळ क्रिकेट खेळून पोट भरण्याचा मार्ग हिंदुस्थानात नव्हता. संस्थानिक व धनिक हौसेने खेळत, वकील-डॉक्टर सवडीने खेळत. गरीब घरच्या खेळाडूस मात्र खेळ चालू ठेवावयाचा तर पाठीशी महिन्याचा पगार हवा असे. रेल्वे कंपन्यांचे आपापले संघ असत आणि चांगल्या खेळाडूस तेथे नोकरी मिळे. बाळू कंपनीची चाकरी करीत आणि कंपनीच्या संघातून खेळतही. देशात नाव झाल्यावरही त्यांचा आधार ही नोकरी होती; कोणा महाराजांच्या कृपेवर त्यांचा चरितार्थ अवलंबून नव्हता.

मुंबईतील हिंदू जिमखान्यात बाळूंना घेतानाही कुरकुर झालीच. परंतु संघाचे कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू आत आले. मरीन लाइन्सच्या बाजूस, रेल्वेचे रूळ आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे जिमखाने आहेत. पुढे समुद्र हटवून मरीन ड्राइव्ह झाला, तरी रूळ आजही जिमखान्यांच्या पाठीशीच आहेत. ज्या कंपनीच्या गाड्या धडधडत जात तिच्याच नोकराने शेजारच्या मैदानावर गोऱ्या साहेबांचे त्रिफळे उडवावेत, हा योग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

एव्हाना शिवरामही चांगले फलंदाज म्हणून पुढे आले होते. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात पहिला मोठा सामना झाला. त्यापूर्वी पारशी मंडळी युरोपियनांशी खेळत; हिंदूंचा संघ त्या तोलाचा समजला जात नसे. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या आणि युरोपियनांचा डाव १९१ वर संपविला. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या आणि युरोपियन अवघ्या १०२ धावांत कोसळले. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता. स्वदेशीच्या चळवळीने देश ढवळून निघाला असता हा विजय मिळाला, त्यामुळे त्याचे पडसाद मैदानाच्या पलीकडे उमटले. समाजसुधारकांच्या वृत्तपत्रांनी आणखी एक गोष्ट टिपली. पुण्यात ज्या बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे, तेच बाळू आपल्या भावासह मुंबईच्या जिमखान्यात इतर सवर्ण खेळाडूंच्या पंक्तीस बसून जेवत होते. पुणे ते मुंबई हे अंतर आगगाडीने काही तासांचे. त्या पंक्तीपर्यंत पोहोचण्यास बाळूंना दहाएक वर्षे लागली.

१९०७ पासून पारशी, युरोपियन व हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले; १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. धर्मावार संघ पाडण्याची ही पद्धत आज आपणांस रुचणार नाही, व तिच्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. परंतु देशातले उत्तम क्रिकेट त्या काळी याच सामन्यांत दिसे आणि ते पाहावयास मुंबई लोटत असे. त्या गर्दीच्या तोंडी पालवणकर बंधूंची नावे असत. बाळू व शिवराम यांच्या पाठोपाठ विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही खेळात उतरले. एकाच घरातले चार भाऊ, चौघेही पहिल्या प्रतीचे खेळाडू, आणि चौघांच्याही पुढे थोरला भाऊ, असे दृश्य आपल्या क्रीडेतिहासात विरळाच.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ प्रथमच इंग्लंडास गेला. त्यात राजे होते, पारशी व मुसलमान खेळाडू होते आणि पालवणकर बाळू व शिवराम हे दोघे भाऊही होते. संघाची कामगिरी यथातथाच झाली. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले, २ अनिर्णित राहिले. त्या पडझडीत बाळू मात्र खांबासारखे उभे होते. वयाची पस्तिशी आलेली, खांदा दुखावलेला, हवा थंड आणि मैदाने परकी. अशा स्थितीत त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी टिपले. लेस्टरशायरविरुद्धच्या सामन्यात ११ बळी घेऊन विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध तर भावांची जोडीच जमली. शिवराम यांनी नाबाद शतक झळकविले, बाळूंनी अर्धशतक काढले आणि एक गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडचा विख्यात डावखुरा गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स याची उपमा बाळूंना दिली जाऊ लागली. छावणीतल्या टाकाऊ चेंडूवर शिकलेले दोन भाऊ विलायतेच्या हिरवळीवर एकमेकांच्या साथीने खेळत आहेत, हे चित्र आम्ही अनेकदा डोळ्यांपुढे आणतो आणि दर वेळी मन भरून येते.

ते परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या प्रसंगी दिलेले मानपत्र एका महाविद्यालयीन तरुणाने लिहिले होते असे सांगतात. तो वीस वर्षांचा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. ज्या पिढीने आपल्यातल्या कोणास राजमान्यता मिळालेली पाहिली नव्हती, तिला बाळूंच्या रूपाने पहिला देशव्यापी मानकरी दिसला.

आता या चरित्रातील बोचणारा भाग सांगणे प्राप्त आहे. संघातील सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू असूनही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधीच देण्यात आले नाही. नेतृत्व सवर्ण खेळाडूकडेच जावयाचे हे ठरून गेल्यासारखे होते. १९१३ साली कप्तान म्हणून आपला सत्कार झाला असता एम. डी. पै यांनी उघडपणे सांगितले की हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता. पै यांचा हा मनाचा मोठेपणा आवर्जून नोंदविला पाहिजे. परंतु निवड समितीच्या मनाचे दार त्यानेही उघडले नाही.

१९२० साली हा प्रश्न हातघाईवर आला. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी पडल्यामुळे कप्तानपद रिकामे झाले होते आणि त्यावर विठ्ठल यांचा हक्क उघड होता. त्यांना डावलून दि. ब. देवधर यांना नेमण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू वृत्तपत्रांतून लोकांपुढे मांडली. बाळूंनी वीस वर्षे जे मुकाट्याने सोसले ते धाकट्यांनी सोसण्याचे नाकारले. आम्हांस यात थोरल्याच्या सहनशीलतेचा पराभव दिसत नाही. थोरल्याने उभे राहण्यापुरती जमीन मिळविली होती, म्हणूनच धाकट्यांना तिच्यावर पाय रोवून नाही म्हणता आले. घरोघरच्या वडीलधाऱ्यांची हीच तर कहाणी असते. त्यांनी गिळलेला शब्द पुढच्या पिढीच्या तोंडून बाहेर पडतो.

या निषेधाचा परिणाम झाला. लोकमत भावांच्या बाजूने वळले. गांधीजींनी अस्पृश्यतेविरुद्ध आवाज उठविण्यास सुरुवात केली होती आणि काळही पालटत होता. अंतिम सामन्यासाठी पै बरे होऊन परतले, भाऊही परतले आणि बाळूंना उपकप्तान करण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढ्या वेळापुरते हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. आयुष्यभराच्या हक्काच्या मोबदल्यात एवढेच त्यांच्या पदरी पडले. पण १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी झाला आणि सवर्ण चाहत्यांनी त्यांना खांद्यावर उचलून नाचविले. ज्याच्या स्पर्शाने एके काळी कप बाटत होता त्याच्या भावाचे पाय आता लोकांच्या खांद्यावर होते. विठ्ठलरावांनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. या कुटुंबाची कथा आपल्या भाषेत शिल्लक राहिली ती मुख्यत्वे त्यामुळेच.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले, तेही प्रत्येकी पंधराहून किंचित अधिक धावांत. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर झाला, त्या वेळी बाळूंची पन्नाशी उलटून गेली होती. त्यांचा सगळा बहर कसोटीच्या आधीचा. म्हणूनच पुढच्या पिढ्यांच्या आकड्यांच्या वहीत त्यांचे नाव कोठे लागले नाही.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचे नाव एका निराळ्या कागदावर उमटले. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत की नसावेत या प्रश्नावर गांधीजींनी येरवड्यात प्राणांतिक उपोषण आरंभिले होते. तडजोड घडवून आणण्यासाठी जी मंडळी झटली त्यांत बाळू होते, आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. पुढे १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईतील राखीव जागेसाठी उभे केले. आणि समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सव्वीस वर्षांपूर्वी ज्याचे मानपत्र लिहिले त्याच्याशीच सामना देण्याची वेळ आली होती. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते मिळाली, बाळू हरले. या लढतीत कोण बरोबर होता याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. दोघांचे मार्ग भिन्न होते. गुण दाखवून माणसांची मने जिंकता येतात यावर बाळूंची श्रद्धा होती, कारण त्यांनी ती जिंकलेली पाहिली होती. केवळ मने जिंकून भागत नाही, हक्क लिहून घ्यावे लागतात, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. बाळूंच्या स्वतःच्या आयुष्याकडे पाहिले, ते हुकलेले कप्तानपद आठवले, तर बाबासाहेबांच्या म्हणण्याची साक्ष तेथेच मिळते, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईस निधन झाले. त्यानंतर बरीच वर्षे त्यांचे नाव विस्मृतीत गेले होते. क्रिकेटवेड्या आपल्या देशात राजेरजवाड्यांच्या नावाने करंडक झाले. ज्याच्या खांद्यावर हा खेळ उभा राहिला तो रेल्वेचा नोकर मागे पडला. रामचंद्र गुहा यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथामुळे त्यांच्या नावावरची धूळ झटकली गेली. एका मराठी माणसाची ओळख आम्हा मराठी माणसांना अन्य भाषेतून व्हावी यात आनंदाइतकीच खंतही आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत हे सर्व का सांगावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे. पन्नास वर्षांपूर्वी परमुलखात मराठी मंडळ स्थापन करणाऱ्यांची इच्छा साधी होती : दूरच्या गावी आपल्या माणसास आपली भाषा ऐकू यावी, गणपतीत आरती म्हणता यावी, संक्रांतीला कोणी तिळगूळ द्यावा. परगावी आपलेपणाचे मोल किती असते हे आपण अनुभवाने जाणतो. परंतु आपली माणसे म्हणजे कोण, हा प्रश्न प्रत्येक मंडळास कधी ना कधी स्वतःला विचारावा लागतो. पुण्याच्या त्या हिंदू क्लबालाही वाटत होते की आपण आपल्या माणसांचा संघ बांधीत आहोत. आणि त्यांच्यातला सर्वांत गुणी माणूस बाहेर उन्हात मातीचे भांडे हातात धरून उभा होता.

आपल्या उत्सवात पेटी वाजविणारे, नाटकात काम करणारे, भाषण करणारे यांचा आपण सत्कार करतो, तो योग्यच आहे. त्याच उत्सवात सतरंज्या घालणारा, मांडव बांधणारा, शेवटच्या पंगतीनंतर भांडी आवरणारा जो कोणी असेल, त्याचे आडनाव कोणतेही असो, त्याच्या मुलाच्या हाती आपण बॅट देतो का, आणि कार्यकारिणीच्या खुर्चीवर त्याला बसवितो का, हे या वर्षी एकदा तपासून पाहावे. सभागृहात चहाचे कप मांडले जातील तेव्हा ते सर्वांसाठी एकाच तबकात असावेत. पालवणकर बाळूंचे याहून साधे आणि याहून खरे स्मारक आम्हांस सुचत नाही.